नेहमीच्या शैलीबाहेरचं काम घ्यावं का? चित्रकार मंडळी, जरा सांगाल?

रेघोटी
मी बोरिवलीला राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गोल चेहरे, एकसारखी जाड रेघ, सपाट रंग, प्राण्यांना माणसांसारखे हावभाव, हे माझं नेहमीचं काम. प्रकाशक मला याच हातासाठी बोलावतात आणि मलाही हेच मनापासून आवडतं.

आता खाडीकाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेकडून विचारणा आली आहे. शाळेतल्या मुलांना कांदळवनाची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या जंगलाची, ओळख व्हावी म्हणून माहितीफलक आणि सोबत एक पुस्तिका. झाडं पाच: तिवर, कांदळ, चिपी, मारांडी आणि गेवा. त्यांना माझी पुस्तकं आवडली म्हणून त्यांनी फोन केला. पण त्यांच्या सल्लागार वनस्पतीशास्त्राच्या बाई आहेत आणि त्यांची अट स्पष्ट आहे. फलक बघून मुलाला समोरचं झाड ओळखता आलं पाहिजे. म्हणजे पानांची मांडणी, फूल, फळ, मुळं, सगळं नेमकं हवं. मी सांगितलं की माझी शैली अशी नाही. त्यावर संस्थेच्या दादांचं उत्तर, "चित्रच तर आहे, तुम्ही काढाल."

काम पावसाच्या आधी हवं आहे. पैसे बरे आहेत. विषय मला फार जवळचा वाटतो, आणि म्हणूनच भीती वाटते. हे काम मी प्रामाणिकपणे करू शकेन का? पोर्टफोलिओत असं एकदम वेगळं काम दिसलं तर प्रकाशक गोंधळतील का? आणि शिकण्यात जो वेळ जाणार त्याचे पैसे लावायचे की नाही? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

शाईदौत
घे. बिनधास्त घे.

गिरगावकर_जुना
शैली म्हणजे चित्रकाराची ओळख, ती सोडायची नाही, हा विचार मला तरी अलीकडचा वाटतो. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. त्या अंकांनी चित्रकारांना काय काय करायला लावलं ते आठवा. एकाच अंकात ऐतिहासिक कथा, पुढे विनोदी लेख, त्यापुढे भयकथा, शेवटी कविता. आणि चित्रं बऱ्याचदा एकाच हाताची. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला. त्यांच्या मुखपृष्ठावरची डौलदार स्त्री आणि आतल्या कथेचं दोन-चार रेघांतलं रेखाचित्र शेजारी ठेवलं तर नवख्याला दोन वेगळे चित्रकार वाटतील. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरमधले देव आमच्या चाळीत घराघरांत होते, आणि रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरचे पिस्तूलधारीही त्यांचेच.

राम वाईरकरांचं उदाहरण तर तुमच्यासाठीच आहे. 'अमर चित्र कथा'तला कृष्ण त्यांचा आणि 'टिंकल'मधला सुप्पंडीही त्यांचाच! कृष्णात शरीररचना, दागिने, वस्त्रांच्या चुण्या. सुप्पंडीत डोक्याचा विचित्र आकार आणि चार रेघांत पकडलेली फजिती. प्रताप मुळीकांनी पुराणपुरुष आणि इतिहासपुरुष रंगवले आणि पुढे राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराजही सुरुवातीला त्यांनीच उभा केला. यातल्या कुणी 'हे माझ्या शैलीत बसत नाही' म्हणून काम परत पाठवलं असतं तर आपण केवढ्याला मुकलो असतो.

निळीपेन्सिल
गिरगावकर, आदर आहेच, पण इथे मला असहमती नोंदवायची आहे. मी अंधेरीत जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शन करतो, चित्रकार निवडणं हेच माझं रोजचं काम.

त्या काळी संपादक चित्रकाराला ओळखत असे. हा माणूस काय काय करू शकतो हे त्याला आधीच ठाऊक असायचं. आज मी ज्या चित्रकाराला काम देतो त्याला बहुतेक वेळा भेटलेलोही नसतो. त्याची पंधरा-वीस चित्रं इंस्टाग्रामवर पाहिलेली असतात आणि ती दाखवूनच मी क्लायंटला शब्द दिलेला असतो. हातात वेगळंच काही पडलं तर अडचण माझी होते. शैली टिकवणं याला कुणी अहंकार म्हणू नये, समोरच्याला दिलेली ती एक खात्री आहे.

दुसरं. 'शैलीबाहेरचं काम' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, जी रेघोटीताईंसमोर आहे: विषयाचीच गरज वेगळी आहे. दुसरी, जी आमच्या धंद्यात रोज येते: "अमुक चित्रकारासारखं काढून द्या, तो फार पैसे मागतोय." ही दुसरी गोष्ट मी कुणालाही करू देत नाही. कायद्यात शैलीवर कुणाची मालकी नसते, कॉपीराइट प्रत्यक्ष चित्रावर असतो. पण एखाद्याने वर्षानुवर्षं घासून कमावलेला हात स्वस्तात उचलायचा, हे मनाला पटत नाही.

शाईदौत
निळीपेन्सिल, हा फरक पटला. पण ताईंचं काम पहिल्या प्रकारातलं आहे ना? मग माझं उत्तर तेच.

पानफूल
मी निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतीशास्त्र शिकवलं. चित्रकलेतलं फारसं कळत नाही, पण तुमच्या सल्लागार बाई तुमच्या चित्रात काय बघतील ते नक्की सांगू शकते.

पहिलं बघतील ती पानांची मांडणी. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी या चौघांची पानं समोरासमोर, जोडीने येतात. गेव्याची मात्र एकाआड एक. चित्रकार पानं 'छान दिसतील अशी' लावतात आणि तिथेच आम्ही थांबतो. मग पानाची पाठ. तिवराच्या पानाची पाठ राखाडी-चंदेरी असते, ती दाखवायची तर एखादं पान उलटं वळलेलं काढावं लागेल. कांदळाच्या पानाला टोकाशी बारीकसा काटा असतो आणि पाठीवर बारीक गडद ठिपके. मारांडीच्या पानाची कड काटेरी आणि फूल निळं-जांभळं, ते मुलं सगळ्यात आधी ओळखतील.

मग मुळं. कांदळाची आधारमुळं खोडातून कमानी करून खाली उतरतात. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात, बारीक, पेन्सिलीएवढी. चिपीचीही वर येतात, पण जाड आणि टोकाकडे निमुळती. छापील फलकांवर तिवराच्या झाडाखाली चिपीची मुळं मी स्वतः पाहिली आहेत. शेजारी मुलं उभी राहून वहीत ते उतरवून घेत होती, तेव्हा फार वाईट वाटलं.

कुणी म्हणेल, मग फोटो का नाही लावत? फोटोत एकच फांदी, एकाच दिवसाची. कळी, उमललेलं फूल आणि तयार फळ एकाच फांदीवर एकत्र दाखवायचं काम चित्रच करू शकतं. म्हणून तर आम्हाला चित्रकार लागतात.

वांद्रेकर
पानफूल मॅडम, आमच्या कॉलेजात तुम्ही असतात तर मी बॉटनी सोडली नसती.
रेघोटी, एकच विनंती, तिवराच्या मुळांना डोळे आणि हसू काढू नकोस. हात आपोआप जाईल!

रेघोटी
@वांद्रेकर, फलकावर नाही काढणार, शब्द देते. पुस्तिकेत मुलांसाठी एक कोड्यांचं पान आहे. तिथे टोपीवाल्या खेकड्याची परवानगी मी आधीच मागून घेतली आहे आणि मिळालीही आहे.

@पानफूल, किती मनापासून लिहिलंत. तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावला आहे.

@गिरगावकर, वाईरकरांचं उदाहरण डोक्यातच नव्हतं. सुप्पंडीवर आम्ही वाढलो आणि कृष्णही त्यांनीच काढलेला हे कधी लक्षातही आलं नाही.

सहज_सुचलं
एवढा विचार कशाला? एआयला सांगा, पाच झाडं पाच मिनिटांत होतील.

पानफूल
सहज_सुचलं, तुमचं वाचून नातवाकडून एका ॲपवर तिवराचं चित्र करून घेतलं. खोड देखणं, पाणी देखणं, आणि मुळं कांदळाची. तेच चित्र फलकावर गेलं तर शेकडो मुलं चुकीचं शिकतील आणि दुरुस्त करायला कुणी येणार नाही. जिथे चित्राचं कामच ओळख पटवणं हे आहे, तिथे झाड पाहिलेला माणूस हवा.

काजळी
माझा अनुभव देते. मी मूळची कॉमिक्सवाली, ब्रश आणि इंडिया इंक. काही वर्षांपूर्वी परळच्या एका सर्जननी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांसाठी शस्त्रक्रियेच्या पायऱ्या काढून द्याल का विचारलं. मी आयुष्यात पोटाच्या आत डोकावले नव्हते.

पहिल्या रफमध्ये मी भरपूर रक्त दाखवलं होतं, कॉमिक्सची सवय. डॉक्टर म्हणाले, "रक्त नको. रक्त आम्हाला रोज दिसतं, त्याच्याखाली काय आहे ते दाखवा." त्या एका वाक्याने सगळं काम उलगडलं. शस्त्रक्रियेच्या चित्रांत रक्त जवळपास नसतंच, कारण चित्राचा उद्देश रचना दाखवणं हा असतो. मग माझ्या लक्षात आलं की कॉमिक्सचीच एक गोष्ट इथे कामी येणार: एका चौकटीत एकच कृती. हात कुठे, कात्री कुठे, नजर कुठे गेली पाहिजे, हे मी आधीपासून करतच होते. रेघ बदलली, शेडिंग बदललं, मांडणीची समज तीच राहिली.

रेघोटी, तुझ्या सपाट रंगांमागेही अशी काहीतरी समज असणार. लहान मुलाची नजर पानावर कशी फिरते, हे तुला त्या सल्लागार बाईंपेक्षा जास्त माहीत आहे. ते सोडून देऊ नकोस. 'शैलीबाहेर' जाताना माणूस घाबरून आपलं सगळंच बाहेर ठेवून जातो.

निळीपेन्सिल
काजळीचा शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा आहे.

कोळीवाडा_वर्सोवा
चित्रातलं मला कळत नाही, खाडीतलं कळतं. ताई, फोटोवरून काढू नका, प्रत्यक्ष जा. जाताना ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला श्वसनमुळं पाण्याखाली असतात, काहीच दिसणार नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी जी वेळ ती पुढच्या आठवड्यात नसते. चिखलात एकटं उतरू नका. पायात घट्ट बसणारे बूट घाला, चप्पल तर चिखलच ठेवून घेतो.

आणि फांदी तोडू नका. गेव्याला तर हातही लावू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. आमच्याकडे पोरांना पहिलं हेच शिकवतात.

भटकंती_ठाणे
कोळीवाडा दादांच्या म्हणण्याला जोड. मुंबईत कांदळवनाला हात लावणं हा कायद्याचा विषय आहे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. त्यामुळे 'रेफरन्सला एक फांदी घेते' असं मनातही आणू नका. वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, संस्थेमार्फत त्यांना विचारा. खाली पडलेली पानं-फुलं बघून तिथेच स्केच करा.

जायचं तर ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र सोयीचं पडेल, तिथे माहिती देणारी माणसंही भेटतात. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला. रोहित पक्षी बघत बसलात तर झाडांचं काम बाजूला राहील, तेवढं सांभाळा.

आणि एक आनंदाची माहिती: २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला आहे. फलकावर हे जरूर लिहायला सांगा. मुलांना आपल्या राज्याचं म्हणून झाड लक्षात राहतं.

गिरगावकर_जुना
रोहित म्हणजे फ्लेमिंगो ना? आम्ही शिवडीला बघायला जायचो. मागे तेलाच्या टाक्या आणि समोर गुलाबी पट्टा. त्या दृश्याचं जलरंगात कुणी काही केलंय का?

वांद्रेकर
गिरगावकर काका, धाग्याला फाटे नका फोडू. शिवडीचा वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

हिशेबनीस
मी सीए आहे, माझ्या अशिलांत बरेच चित्रकार आहेत. ताईंच्या पैशांच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

शिकण्याचा वेळ बिलात लावायचा की नाही? लावायचा, पण 'शिकण्याचे पैसे' म्हणून नाही, 'अभ्यास आणि स्थळभेट' अशा वेगळ्या ओळीत. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो तसंच. आधी एका झाडाचं नमुनाचित्र, पैसे घेऊन. ते दोन्ही बाजूंना पटलं तर पुढची चार. नाही पटलं तर नमुन्याचे पैसे तुमचे आणि दोघंही मोकळे. अनोळखी शैलीत काम घेताना यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

आता मालकी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तिचा कर्ता. पण पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या पेंटिंग, पोर्ट्रेटला अपवाद आहे, तिथे वेगळा करार नसेल तर मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. तुमचं चित्र त्या अपवादात बसतं की नाही यावर पुढे वाद घालण्यापेक्षा आधीच लिहून घ्या. हक्क द्यायचे तर कशासाठी, किती काळ, कुठे, हे लेखी असू दे. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते हक्क दिले असं मानतात. उद्या त्यांनी टी-शर्ट, मग, कॅलेंडर काढलं तर काय, हे आत्ता विचारा. चांगल्या संस्थाही हे विसरतात.

व्यावसायिक सेवेवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, साधारण १० टक्के कापला जातो, तो तुमच्या आयकर विवरणपत्रात जमा होतो, घाबरू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, करार नसेल तर १५ दिवसांत.

काजळी
हिशेबनीस साहेब, याला एक पुरवणी. करारात दुरुस्त्यांचे दोन प्रकार वेगळे लिहावेत. चूक असेल ती दुरुस्ती, म्हणजे पान समोरासमोर हवं होतं, एकाआड एक आलं, ती कितीही वेळा विनामूल्य. आवडीची दुरुस्ती, म्हणजे 'हिरवा जरा फ्रेश हवा', ती दोनदा, त्यानंतर पैसे. शास्त्रीय कामात ही रेघ आखली नाही तर तज्ज्ञ, संस्था आणि देणगीदार तिघांच्या आवडीनिवडीत चित्रकार भरडला जातो.

हिशेबनीस
काजळी, हे मी माझ्या अशिलांना आता सांगणार. उत्तम.

शाईदौत
तंत्राबद्दल थोडं. शास्त्रीय चित्रात छटा ठिपक्यांनी देतात ते नुसतं दिसायला म्हणून नाही. जुन्या छपाईत एका काळ्या शाईत सलग करडा रंग छापता येत नसे. ठिपके दाट केले की गडद, विरळ केले की उजळ, आणि ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, स्वच्छ उठायचा. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून धरायचा हा संकेतही तिथलाच, म्हणजे शंभर चित्रं शेजारी ठेवली तरी उंचवटा-खोलगट सारखं वाचता येतं. तुमचे फलक डिजिटल छपाईचे असणार, त्यामुळे ठिपके सक्तीचे नाहीत. पण डाव्या वरच्या कोपऱ्याचा नियम पाळा, आणि शेजारी मापाची पट्टी द्या. 'मूळ आकाराच्या दुप्पट' असं नुसतं लिहू नका. फलक लहान-मोठा छापला की ते वाक्य खोटं ठरतं, पट्टी मात्र चित्रासोबत लहान-मोठी होते.

पानफूल
शाईदौत, अगदी बरोबर. पट्टीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता.

रेघोटी, अजून एक अडचण येईल. तुमचं काम पावसाआधी संपवायचं आहे. तिवराला उन्हाळ्यात फुलं मिळतील, पण तयार फळं पावसाळ्यात. तेव्हा फळासाठी सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला विचारून बघा. १९०६ पासूनचा संग्रह आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पती तिथे वाळवून जपल्या आहेत. परवानगी घेऊन जावं लागतं. वाळलेल्या नमुन्यात रंग उडालेला असतो आणि फळ चपटं झालेलं असतं. म्हणून आकार आणि शिरा नमुन्यावरून घ्या, गोलाई आणि रंग चांगल्या फोटोवरून. दोन्ही जुळवणं ही चित्रकाराचीच कामगिरी.

आई_दोघांची
मी चित्रकार नाही, वाचक आहे. तुमची पुस्तकं असतील असं वर्णनावरून वाटतंय, असतील तर माझ्या धाकटीचं झोपायच्या वेळचं पुस्तक तुमचंच आहे. एवढंच सांगायचं होतं की मुलं चित्रांवर पूर्ण विश्वास ठेवतात. कावळा निळा दाखवला तर आठवडाभर आमच्या घरी कावळा निळा असतो. त्यामुळे त्या बाईंची अट मला फार योग्य वाटते. आणि तुमच्यासारखं मुलांशी बोलता येणाऱ्या माणसाने हे काम केलं तर मुलं त्या फलकासमोर थांबतील तरी. नुसते शास्त्रीय फलक आम्ही पुष्कळ पाहिलेत, मुलं तिथून धावत पुढे जातात.

निळीपेन्सिल
माझं आधीचं मत थोडं बदलतो. पोर्टफोलिओच्या प्रश्नावर मात्र सांगतो: हे काम तुमच्या मुख्य पानावर पुस्तकांच्या मध्ये टाकू नका. वेगळं पान करा, 'निसर्ग आणि माहितीचित्रं'. प्रकाशक पुस्तकं बघेल, संस्था निसर्ग बघेल. काही जण दुसऱ्या नावाने काम करतात, ते मी सुचवणार नाही. दोन्ही ठिकाणी माणूस एकच आहे हे कळण्यातच तुमचा फायदा आहे.

गिरगावकर_जुना
वेगळं नाव नकोच. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि व्यंगचित्रं, कथाचित्रं, मुखपृष्ठं सगळीकडे सही एकच. सही एक असली की लोक चित्रकारासोबत नव्या ठिकाणी येतात.

रेघोटी
उशिरा लिहिते आहे. ऐरोलीला जाऊन आले, ओहोटी बघून. संस्थेने नमुनाचित्राचे पैसे वेगळे द्यायला लगेच होकार दिला. (हिशेबनीस, तुमच्यामुळे विचारायचा धीर झाला.) नमुन्याला तिवर घेतलं.

काय झालं ते सविस्तर सांगते, कारण इथे बरेच जण याच उंबरठ्यावर असतील. मुळं काढताना माझी नेहमीची जाड, एकसारखी रेघच उपयोगी पडली. चिखलातून वर आलेल्या त्या शेकडो काड्यांना बारीक छटा दिल्या असत्या तर नुसता गोंधळ झाला असता. सपाट चिखल आणि त्यावर स्वच्छ उभ्या रेघा, हे मुलांना लांबूनही वाचता येतं. बाईंनी रफ बघितलं आणि मुळांना हातही लावला नाही. काजळीताई, तुम्ही म्हणालात तेच.

पानांना मात्र वेगळा हात लागला. एक पान उलटं वळवलं, पाठीची चंदेरी छटा आणायला गवॉश (अपारदर्शक जलरंग) वापरला. त्यात दोनदा दुरुस्ती झाली, दोन्ही 'चूक असेल ती दुरुस्ती' या प्रकारातल्या, मी आनंदाने केल्या. शिकायला मिळालं.

फुलं माझ्याच्याने होत नाहीत. तिवराचं चार पाकळ्यांचं बारीक फूल पाचपट मोठं करून, आतल्या भागांसकट दाखवायचं आहे. चिपीच्या फुलात तर पुंकेसरांचा झुपकाच. यासाठी भिंगाखाली बसून वर्षानुवर्षं काम केलेला हात हवा, पाऊस येईपर्यंतच्या मुदतीत तो माझा होणार नाही. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधली माझी एक मैत्रीण हेच काम करते. मी संस्थेला सुचवलं की झाडं, मुळं, पानं, फळं, परिसर आणि मुलांचं पान माझं, फुलांच्या आतले भाग तिचे. दोघींची नावं फलकावर, पैसे कामाच्या वाट्याप्रमाणे. त्यांनी मान्य केलं आणि बाई तर फारच खूश झाल्या.

तर हो, काम घेतलं.

शाईदौत
अभिनंदन! पण मला फुलंही तुझ्याच हातची बघायला आवडली असती. एकदा हात घातलाच आहेस तर पूर्ण करायचं होतंस.

रेघोटी
@शाईदौत, इच्छा होती. पण या फलकासमोर कुणीतरी मूल भिंग घेऊन खरं फूल आणि चित्रातलं फूल ताडून बघणार आहे. त्या मुलाला बरोबर फूल मिळणं मला माझ्या हातापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. मैत्रिणीकडे बसून फुलं शिकणार आहे, पुढच्या वेळी विचार करू.

कोळीवाडा_वर्सोवा
बरं केलंत ताई. जाळं विणणारा वेगळा आणि होडी बांधणारा वेगळा, तरी मासे एकाच घरी येतात.

निळीपेन्सिल
एक व्यावहारिक सूचना. फलक उघड्यावर, खाडीच्या वाऱ्यात आणि उन्हात राहणार. उन्हात लाल आणि पिवळे रंग आधी उडतात, मग हिरव्यातलं पिवळं जाऊन पानं निळसर दिसू लागतात. म्हणून झाडाची ओळख रंगावर अवलंबून ठेवू नका. काळी रेघ भक्कम ठेवा, आकारावरूनच सगळं कळलं पाहिजे. छापणाऱ्याला उन्हात टिकणाऱ्या शाईबद्दल आणि वरच्या लॅमिनेशनबद्दल आत्ताच विचारा, आणि मूळ फाइल जपून ठेवायला संस्थेला सांगा. काही वर्षांनी पुन्हा छापावं लागेल.

रेघोटी
हे सोन्यासारखं सांगितलंत. आता सगळी चित्रं आधी काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करून बाईंकडून तपासून घेईन आणि मगच रंग.

पानफूल
उत्तम पद्धत. गेव्याकडे आलात की एक आठवणीने करा. त्याची पानं गळायच्या आधी लालसर होतात. फांदीवर हिरव्यांमध्ये दोन-तीन लाल पानं दाखवा आणि चीक असतो म्हणून बाजूला सावधानतेची खूण टाका. लाल रंग पुढे उडाला तरी खूण राहील अशी काळ्यातच काढा.

रेघोटी
काढते. गेव्याचं रफ झालं की इथेच टाकेन, पानं एकाआड एक आहेत ना ते तुम्हीच आधी तपासा.